त्रास नाही, तरी व्हॉल्व्ह बदलायचा? आणि रिपोर्टमधली ४६ मिलिमीटरची ओळ

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहणारे वडील, वय ६६, उंची १५८ सेंटिमीटर. गुडघा बदलायचा म्हणून फिटनेससाठी टूडी इको केला. त्यात महाधमनीची झडप जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्यांची असल्याचं आणि आता कॅल्शियम साचून ती फार अरुंद झाल्याचं कळलं. रक्ताचा वेग सेकंदाला ४.३ मीटर, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) ४४, झडपेचं तोंड ०.८ चौरस सेंटिमीटर. बाबा म्हणतात, मला काहीच होत नाही. एका डॉक्टरांनी पायातून, म्हणजे छाती न उघडता पायातल्या रक्तवाहिनीतून, व्हॉल्व्ह बसवू म्हटलं, दुसऱ्यांनी छाती उघडून, तिसऱ्यांनी सहा महिने थांबा. मुलाने विचारलंय की संशोधन नक्की काय सांगतं, गोळीने काही होत नाही का, आणि तिघांपैकी कोणाचं ऐकायचं.

त्याच रिपोर्टमध्ये खाली एक ओळ आहे, "असेंडिंग एओर्टा ४६ मिमी", म्हणजे हृदयातून वर निघणाऱ्या महाधमनीची रुंदी. तिच्याबद्दल मुलाने काही विचारलेलं नाही आणि तिघांपैकी कोणी काही बोलल्याचंही दिसत नाही. माझं उत्तर बरंचसं त्या ओळीवर ठरतं. पण आधी झडपेचं बोलू.

आकडे तीव्र गटातले आहेत, त्यात वाद नाही. धडधाकट माणसात हे तोंड तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडतं. वेग ४ च्या वर, ग्रेडियंट ४० च्या वर किंवा तोंड १ च्या खाली गेलं की आम्ही 'सिव्हिअर' लिहितो. बाबांचे तिन्ही आकडे एकाच दिशेने बोट दाखवतात, हे एका अर्थी बरंच आहे. अनेकांचे आकडे एकमेकांशी भांडतात. मग कॅल्शियम मोजायला सिटी करावा लागतो. पुरुषात स्कोअर २०००च्या वर आणि बाईत १२००च्या वर असेल तर झडप खरोखर तीव्र अरुंद असल्याची शक्यता मोठी. बाबांच्या बाबतीत निदानासाठी त्याची गरज नाही. हे आकडे डोळ्यांसमोर आणायचे तर असं बघा: दंडावरचा रक्तदाब १३० येतो, तेव्हा आत हृदयाच्या डाव्या कप्प्याला १८० च्या आसपास किंवा त्याच्याही वर दाब निर्माण करावा लागतो. हा वाढीव दाब घरच्या बीपी मशीनवर कधीच दिसत नाही. स्नायू जाड होतो, पुढे आतून कडक होतो, आणि इतकं होऊनही माणूस म्हणतो, मी ठीक आहे.

आता "त्रास नाही" या वाक्याकडे येऊ. घरी एक काम करा. बाबांना "दम लागतो का" असं विचारू नका, उत्तर नाहीच येणार. दोन वर्षांपूर्वी ते काय करायचे आणि आज काय करत नाहीत, ते आईला विचारा. कुळागरात उतरणं कधी बंद झालं? चवथीला माटोळी बांधायला स्टुलावर कोण चढतं? बाजारातून येताना मध्येच कोणाशी तरी बोलायला थांबतात का? गुडघेदुखीवाल्या माणसात ही फसगत जास्त होते, कारण चालणंच कमी झालेलं असतं आणि सगळ्याचा दोष गुडघ्यावर जातो. ट्रेडमिल करून खरी परिस्थिती काढता येते, पण ती फक्त हृदयतज्ज्ञ समोर उभे असताना, आणि बाबांचा गुडघा ती करू देईल असं वाटत नाही. मग रक्तातला बीएनपी करून घ्या. तो वयाच्या मानाने बराच वाढलेला असेल तर हृदयावर ताण आलाय, बाबा काहीही म्हणोत.

लक्षणं आली की काय होतं, हे १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी लिहून ठेवलं. छातीत दुखू लागलं की सरासरी पाचेक वर्षं, घेरी येऊन पडू लागला की तीन, आणि हृदय निकामी होऊन धाप लागू लागली की दोन. तेव्हापासून नियम ठरला: लक्षणं आली की लगेच बदला, नसतील तर थांबा. जवळजवळ पन्नास वर्षं हा नियम कोणी गंभीरपणे तपासून पाहिला नाही.

मग तपासला. २०२० साली कोरियातल्या रिकव्हरी चाचणीत अतितीव्र अरुंदपणा असलेले, पण लक्षणं नसलेले १४५ रुग्ण घेतले. लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांत शस्त्रक्रियेने किंवा हृदयविकाराने मृत्यू १ टक्का, थांबलेल्यांत १५. आकडा मोठा आहे, पण रुग्ण थोडे, आणि त्यांची झडप बाबांपेक्षा जास्त अरुंद होती. २०२४ मध्ये अर्ली टावर ही ९०१ जणांची चाचणी आली. सगळे ६५ च्या पुढचे, लक्षणं नसलेले. अर्ध्यांना लगेच पायातून व्हॉल्व्ह बसवला, अर्ध्यांना नियमित तपासणीवर ठेवलं. जवळपास चार वर्षांत मृत्यू, पक्षाघात किंवा हृदयासाठी अचानक इस्पितळात भरती व्हावं लागणं, हे सगळं मिळून २६.८ टक्के विरुद्ध ४५.३ टक्के. ऐकायला जोरदार वाटतं. पण आतले आकडे उघडून बघितले तर मृत्यूंत दोन्ही गटांत नाव घेण्यासारखा फरक नाही. बहुतेक फरक अचानक भरतीचा. म्हणजे "आत्ता नाही केलं तर जीव जाईल" असं ही चाचणी म्हणत नाही. ती वेगळंच सांगते, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं: थांबलेल्यांपैकी ८७ टक्क्यांना चाचणीच्या काळातच व्हॉल्व्ह बदलावा लागला, त्यातल्या अनेकांना पहिल्या वर्षभरातच. त्याच वर्षी ब्रिटनमधली इव्हॉल्व्ह्ड ही २२४ जणांची चाचणी आली. त्यात हृदयाच्या स्नायूत व्रण दिसू लागलेल्यांना लवकर व्हॉल्व्ह बदलून मुख्य निकषात फायदा दिसला नाही. तेव्हा "संशोधनाने सिद्ध झालंय" असं कोणी एका दमात सांगत असेल तर थोडं सावध राहा. मी यातून घेतो ते एवढंच: तीव्र झालेली झडप फार काळ वाट बघू देत नाही, आणि लवकर केल्याने नुकसान होत नाही. सहा महिने थांबा म्हणणारे डॉक्टर चुकीचे नाहीत, पण त्यांनी जुना नियम सांगितला. शिवाय गुडघ्याची शस्त्रक्रिया समोर आहेच. एवढी अरुंद झडप ठेवून ती उरकून घ्यायचा सल्ला मी देणार नाही. आधी झडप, मग गुडघा.

गोळीचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं फारसं चांगलं नाही. झडप गंजत नाही किंवा नुसती झिजत नाही. तिथल्या पेशी हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. काढलेल्या काही झडपांत सूक्ष्मदर्शकाखाली चक्क हाडाची ऊती सापडते. तरी कोलेस्टेरॉलच्या गोळीने हे थांबेल अशी मोठी आशा होती. २००८ च्या सीस चाचणीत १८७३ रुग्णांपैकी साधारण अर्ध्यांना गोळ्या दिल्या, कोलेस्टेरॉल छान उतरलं, झडप आपली अरुंद होतच राहिली. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात ती औषधं २०२१ मध्ये वापरून झाली, व्हिटॅमिन के-२ डेन्मार्कमध्ये २०२२ मध्ये वापरून झालं, हाती काही नाही. (व्हॉट्सअॅपवर "धमन्यांतलं कॅल्शियम विरघळवणारं" म्हणून फिरतं ते बहुधा हेच के-२.) एकच धागा आशेचा आहे: लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण. २०१३ मध्ये याच्या जनुकाचा आणि झडपेतल्या कॅल्शियमचा संबंध सापडला. ते कमी करणाऱ्या इंजेक्शनांच्या चाचण्या सुरू आहेत. बाबांना त्याचा उपयोग होणार नाही, पण तुमची स्वतःची ही तपासणी आयुष्यात एकदा करून ठेवा. याची पातळी जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असते आणि तपासणी वारंवार करावी लागत नाही.

पायातून व्हॉल्व्ह, म्हणजे टावी. फ्रान्समधल्या रुआँ शहरात अलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी पहिल्यांदा बसवला. शस्त्रक्रिया झेपणारच नाही अशा रुग्णांवरच्या २०१० च्या पार्टनर चाचणीत वर्षभरातले मृत्यू ५०.७ टक्क्यांवरून ३०.७ वर आले. आमच्या क्षेत्रात एवढी उडी क्वचित दिसते. २०१९ पर्यंत कमी धोक्याच्या रुग्णांतही टावी शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड ठरली. आपल्याकडचा, वापीच्या मेरिल कंपनीचा मायव्हॅल २०२४ च्या लँडमार्क चाचणीत परदेशी व्हॉल्व्हपेक्षा कमी पडला नाही, ही मला खरोखर अभिमानाची गोष्ट वाटते. ७५-८० च्या पुढच्या, तीन पाकळ्यांच्या झडपेच्या रुग्णाला मी आज टावीच सांगतो आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नसते.

बाबा त्यात बसत नाहीत. पहिलं कारण दोन पाकळ्या. कमी धोक्याच्या रुग्णांवर टावी यशस्वी ठरवणाऱ्या मोठ्या चाचण्यांत दोन पाकळ्यांचे रुग्ण मुळातच घेतले नव्हते. या झडपेचं तोंड गोल नसतं, लांबट फटीसारखं असतं, कॅल्शियमचे गोळे एका बाजूला असतात, आणि नवा व्हॉल्व्ह नीट गोल उघडत नाही. २०२४ च्या नोशन-२ चाचणीत असे १०० रुग्ण होते. वर्षभरात मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा भरती टावी गटात १४.३ टक्के आणि शस्त्रक्रिया गटात ३.९. रुग्ण थोडे, त्यामुळे हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरत नाही. पण तो कोणत्या बाजूला झुकतोय ते दिसतंच. दुसरं कारण ती ४६ मिलिमीटरची ओळ. टावी झडप बदलते, फुगलेल्या महाधमनीला हातही लावत नाही.

दोन पाकळ्यांची झडप शंभरात साधारण एक-दोघांना असते, आणि तिच्याबरोबर वरची महाधमनी रुंदावणं नेहमीचं. पाण्याच्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरावा तशी धार तिरकी निघून भिंतीच्या एकाच बाजूला आदळते. धार जिथे आदळते तिथलं लवचीक ऊतक जास्त खराब झालेलं असतं, हे २०१५ मध्ये एमआरआय आणि शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे जुळवून दाखवलं गेलं. यात जनुकांचाही भाग आहे. धार आणि जनुकं यांत जास्त दोषी कोण, हा वाद अजून चालू आहे.

भीती असते ती डिसेक्शनची, म्हणजे भिंतीचा आतला पापुद्रा फाटून रक्त भिंतीतच घुसण्याची. ती टाळण्यासाठी महाधमनी कधी बदलायची? वर्षानुवर्षं उत्तर एकच होतं: ५.५ सेंटिमीटर. हा आकडा मुख्यतः येल विद्यापीठाच्या नोंदींवरून आला. तिथे ६ सेंटिमीटरला धोका एकदम वर उसळताना दिसला, म्हणून थोडं आधी. मग २००७ मध्ये इराड या आंतरराष्ट्रीय नोंदणीने डिसेक्शन झालेल्या ५९१ जणांची मापं तपासली, तर ५९ टक्क्यांची महाधमनी ५.५ च्या आतच होती. हे वाचून घाबरू नका. ४.५ ते ५ वाले लोक जगात इतके आहेत की त्यातल्या फार थोड्यांचं फाटलं तरी यादीत त्यांचीच संख्या मोठी दिसते. पण एकच आकडा सगळ्यांना लावणं चुकतंय, एवढं त्यातून ठरलं. ५ ते ५.४ वाल्यांची लगेच शस्त्रक्रिया करावी की लक्ष ठेवावं, यावर टायटन नावाची चाचणी मुद्दाम आखली आहे.

आपल्याकडे हा एकच आकडा आणखी एका कारणाने चुकतो, आणि त्याबद्दल मी रिपोर्ट देणाऱ्या सहकाऱ्यांशी वारंवार वाद घालतो: उंची. हे सगळे आकडे बहुतांशी उंच, धिप्पाड लोकांवरून आले. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत एक साधं गणित दिलंय. महाधमनीच्या छेदाचं क्षेत्रफळ काढा, मीटरमधल्या उंचीने भागा, १० किंवा वर आलं तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त. बाबांचा व्यास ४.६, त्रिज्या २.३, क्षेत्रफळ १६.६, भागिले १.५८ म्हणजे १०.५. हाच ४६ मिलिमीटर सहा फुटी माणसाचा असता तर उत्तर ९.१ आलं असतं. दीड मीटर उंचीच्या बाईत ही रेघ ४.४ सेंटिमीटरलाच ओलांडली जाते, आणि तिच्या रिपोर्टवर "माइल्ड डायलेटेशन" लिहून तिला घरी पाठवतात.

शिवाय नियम असा की दोन पाकळ्यांची झडप बदलायला छाती उघडतच असू आणि महाधमनी ४.५ किंवा वर असेल, तर ती त्याच बैठकीत बदलणं रास्त. दुसऱ्यांदा छाती उघडणं हे पहिल्यापेक्षा बरंच अवघड काम असतं.

मात्र तो ४६ आधी पक्का करा. इकोत प्रोब जरा तिरका लागला की गोल नळी लंबगोल कापली जाते आणि माप दोन-तीन मिलिमीटर सहज वाढतं. शिवाय "असेंडिंग" म्हणजे नेमकं कुठे? झडपेला लागून असलेलं मूळ, तिथून वरचा सांधा, की त्याच्याही वर उजव्या फुप्फुसधमनीच्या पातळीला? रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं नाही. ईसीजीशी जोडलेला सिटी अँजिओ करून घ्या. साध्या सिटीत हृदयाच्या ठोक्याबरोबर महाधमनीची कड हलते आणि कधी कधी डिसेक्शनचाच भास होतो. आणि माप नळीच्या अक्षाला काटकोनात घ्यायला सांगा. तो सिटी सर्जनच्या टेबलावर जायलाच हवा, कारण ऑपरेशन कोणतं हे तोच ठरवणार. मूळ सामान्य असेल तर झडप वेगळी बदलून वरच्या भागात कापडी नळी बसवतात. मूळही फुगलेलं असेल तर बेंटॉल: झडप आणि नळी एकत्र, आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्या त्या नळीला पुन्हा जोडायच्या. १९६८ पासून चालत आलेली, पण हात बसलेल्या सर्जनकडेच करावी अशी.

म्हणून तिघांपैकी मी दुसऱ्यांच्या बाजूचा. छाती उघडून, झडप आणि महाधमनी एकाच वेळी, आणि येत्या काही आठवड्यांत. उद्याच नाही, पण पुढच्या चवथीपर्यंत लांबवायचं नाही. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) हृदयशस्त्रक्रिया विभाग आहे, आधी तिथे बांबोळीला दाखवा. बाहेर जायचं ठरलं तर बेळगाव, मुंबई कुठेही, पण एक प्रश्न विचाराच: महाधमनीची ऑपरेशनं तुमच्याकडे नेहमी होतात का? नुसता बायपास उत्तम करणारे सगळे जण हे तितकंच करतात असं नाही. दीनदयाळ या सरकारी आरोग्य विमा योजनेचं कार्ड चालू आहे का, हे भरती होण्याआधी बघून ठेवा.

व्हॉल्व्ह कोणता? ६६ व्या वर्षी मी ऊतींचा सुचवेन. तो साधारण दहा-पंधरा वर्षं चालतो, आणि पुढे खराब झालाच तर त्याच्या आत पायातून दुसरा बसवता येण्याची शक्यता असते. म्हणून पहिल्याच वेळी शक्य तितका मोठा बसवायला सर्जनना सांगा. हा गाय-बैलाच्या हृदयावरच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनतो. आपल्या घरांत हे ऑपरेशननंतर कळलं की वाईट वाटतं, म्हणून मी आधीच सांगतो आणि निर्णय घरच्यांवर सोडतो. नको असेल तर धातूचा आहे. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने बनलेला चित्रा व्हॉल्व्ह डिसेंबर १९९० पासून वापरात आहे, लाखभराहून जास्त रुग्णांना बसलाय. पण धातूचा म्हणजे जन्मभर रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी आणि रक्त किती पातळ झालंय ते बघणारी आयएनआर तपासणी. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या धातूच्या व्हॉल्व्हला चालत नाहीत. आधी डॅबिगाट्रान आणि नंतर अपिक्साबान, दोन्ही चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के-मुळे वॉरफरिनचा परिणाम कमी होतो. बंद करायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. आपल्याकडे श्रावणात तायकिळा आणि तांबडी भाजी एकदम रोज ताटात येते आणि आयएनआर घसरतो, तेव्हा त्या दिवसांत तपासणी जरा लवकर करायची.

ऑपरेशन होईपर्यंत रक्तदाब १३०/८० च्या आत, मात्र डॉक्टरांना विचारूनच. अरुंद झडपेत औषधाचा डोस अचानक वाढवायचा नसतो. नारळाची पोती, गॅस सिलिंडर, श्वास कोंडून उचलायचं काहीही नको. दात दाखवून घ्या. किडका दात काढायचा तर आत्ताच. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन गटातल्या गोळ्या टाळा. फुगलेली महाधमनी असलेल्यांना दुसरा पर्याय असताना त्या देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. आपल्याकडे जुलाबाला फार्मसीत त्या सहज हातावर ठेवतात.

आणि हे घरातल्या सगळ्यांना पाठ हवं. छातीत किंवा दोन खांद्यांमध्ये पाठीत अचानक, फाटल्यासारखी, पहिल्याच क्षणाला टोकाची कळ आली तर १०८ बोलवा आणि पहिलं वाक्य हेच बोला: "यांची महाधमनी ४६ मिलिमीटर आहे." गोव्यात हृदयविकाराचा झटका ओळखून तालुक्याच्या इस्पितळातच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याची सोय झाली आहे. त्याने पुष्कळ जीव वाचले. पण डिसेक्शनला कोणी झटका समजून तेच इंजेक्शन दिलं तर घात होतो. इकोच्या रिपोर्टचा फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

शेवटी तुमचं स्वतःचं, जे तुम्ही विचारलेलं नाही. दोन पाकळ्यांची झडप घराण्यात चालते. अशा रुग्णाच्या आई-वडील, भावंडं, मुलांपैकी सुमारे दहातल्या एकाला ती सापडते. झडप नीट असूनही महाधमनी रुंद असलेली माणसंही त्या घरांत दिसतात. तुम्ही, तुमची बहीण आणि हयात असलेले काका-आत्या, सगळ्यांनी एकदा टूडी इको करून घ्या, आणि तो करणाऱ्याला मुद्दाम सांगा की पाकळ्या मोजा आणि महाधमनीची मापं पातळीनुसार लिहा. सिटी झाल्यावर मुळाचं आणि वरच्या भागाचं माप इथेच कळवा, म्हणजे बेंटॉल लागेल का ते बोलता येईल.